काट्याची सुई आणि मेहुण्याचं शीड

आमच्या धक्क्यावर होड्यांची शिडं शिवणाऱ्याला तोंडावर सगळे ‘शिडवाले’ म्हणत, आणि त्याची पाठ वळली की ‘काटा’. त्याला ते ठाऊक होतं. माझा तर अंदाज की मनातून ते आवडतही होतं. कोणी गुलाब म्हटलं असतं तर त्यानं त्या माणसाला पाण्यात ढकललं असतं.

होड्यांच्या गोदामावर त्याचा माळा होता. तिथली लाकडी जमीन ताटासारखी स्वच्छ, कारण अख्खं शीड तिथंच पसरायचं. शिलाई मशीन जमिनीच्या पातळीला बसवलेलं आणि ते चालवायला काटा एका चौकोनी खड्ड्यात बसायचा. त्यामुळे जिना चढून येणाऱ्याला आधी दिसायचं ते जमिनीतून उगवलेलं एक रागीट डोकं. ‘‘चपला!’’ हे त्या डोक्याचं पहिलं वाक्य. या, बसा वगैरे भानगड नाही.

गिऱ्हाइकांच्या त्यानं दोन जाती पाडल्या होत्या. लांब फिरायला जाणारे शिडाचे हाल करून ते मारतात आणि शर्यतवाले लाड करून मारतात. फिरणारे म्हणजे शीड महिनोन् महिने उन्हात उघडं टाकणारे, त्यावरचं मीठ गोड्या पाण्यानं न धुणारे, ओलं तसंच पिशवीत कोंबणारे. असाच एक डॉक्टर एकदा म्हणाला, ‘‘अहो, कापड तर ठणठणीत आहे!’’ काट्यानं नखानं शिवण उचलली. दोरा जुन्या शेवईसारखा तुटला. ‘‘ऊन आधी दोरा खातं, मग कापड. तुमचे पेशंटही बाहेरून ठणठणीत दिसले की घरी पाठवता का?’’ डॉक्टर पुन्हा आला नाही. शीड मात्र बायकोबरोबर पाठवलं.

काट्याचा खरा मान होता तो खडूचा. शर्यतीआधी प्रत्येक शीड तो तपासायचा आणि पास झालं की कोपऱ्यात निळ्या खडूनं खूण करायचा. खूण नाही तर शर्यत नाही, हा क्लबचा नियम. तपासायची रीतही त्याचीच. कोपऱ्याजवळ जाड सुई टोचायची, काढायची आणि भोकावर नख घासायचं. विणलेलं कापड जिवंत असेल तर धागे सरकून भोक बुजतं. मेलेलं असेल तर भोक तसंच राहतं. चौतीस वर्षं हे चाललं होतं आणि त्याच्या खुणेवर कोणी ब्र काढला नव्हता.

काढला तो त्याच्या मेहुण्यानं. काट्याच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, हा धाकटा भाऊ. त्याचं धक्क्यासमोर दोर, कप्प्या, कड्या विकायचं चकचकीत दुकान. या दोघांचं वैर लग्नाच्या मांडवातलं. टोचून टोचून खडबडीत झालेली नवऱ्या मुलाची बोटं बघून मेहुण्यानं सगळ्यांदेखत विचारलं होतं, ‘‘ताई, यांनी हात धरला की टाका पडतो का गं?’’ वऱ्हाडी हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू! काट्यानं त्या दिवसापासून मेहुण्याच्या दुकानातून एक वीत दोर घेतला नाही.

तर या मेहुण्यानं शर्यतीसाठी नव्या तऱ्हेचं शीड आणलं. विणलेलं कापडच नव्हे ते. पातळ प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांत बळकट धागे चिकटवलेले. हलकं, ताठ आणि हात लावला की चुरचुरणारं. तपासणीच्या दिवशी क्लबची सगळी कमिटी माळ्यावर हजर, आणि मेहुणा बूट घालून शिडाच्या कडेला उभा.

‘‘चपला!’’

‘‘बूट आहेत, भावोजी.’’

‘‘मग पायांसकट काढ.’’

बूट निघाले. मेहुणा अध्यक्षांकडे वळला. ‘‘साहेब, कंपनीचा कागद बरोबर आहे. ही सुईबिई आता पुरे. आमच्या आजीच्या काळातलं वैद्यक आहे हे.’’

काट्यानं त्याच्याकडे रोखून बघत सुई टोचली, काढली, सवयीनं नख घासलं. नजर शिडावर नव्हतीच, मेहुण्याच्या नाकावर होती. ‘‘शिवण नवी, कड्या नव्या. नियमानं खूण करतो. पण लिहून ठेवा, तिसऱ्या वळणाआधी हे फाटेल. नाही फाटलं तर खडू तुमच्या टेबलावर.’’

अध्यक्षांनी लगेच ‘ठरलं’ म्हटलं. त्यांचंही एक शीड काट्यानं कधीतरी नापास केलं होतं.

शर्यतीत मेहुणा पहिल्या वळणाला पुढे, दुसऱ्याला आणखी पुढे. बाकावरून आम्ही कमिटीजवळ उभ्या काट्याकडे चोरून बघत होतो. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि तिसऱ्या वळणाच्या जरा अलीकडे फर्रकन् आवाज आला. कोपऱ्यापासून थेट वरपर्यंत शीड उभं फाटलं. धक्क्यावर टाळ्या पडल्या. दुसऱ्याचं फाटलं की आमच्याकडे टाळ्यांना तोटा नसतो.

मेहुण्यानं ते शीड आणून माळ्यावर टाकलं. ‘‘घ्या! तुमच्या जिभेनं फाटलं.’’

‘‘जीभ नव्हे रे, अक्कल म्हणतात तिला,’’ काटा म्हणाला. मेहुणा आला तसा खाली गेला.

मी मागे थांबलो. अशा वेळी घरी जायला मी काय मूर्ख आहे? काट्यानं शीड पसरलं आणि मजेत शीळ घालत, ओणव्यानं, फाटलेल्या रेषेवरून बोट फिरवत वरून खाली आला. कोपऱ्याशी शीळ थांबली. चिरेच्या टोकाला अर्धं गोल भोक होतं, सुईएवढं. त्यानं त्यावर नख घासलं. पुन्हा घासलं. पापुद्रा तो, त्यात धागे सरकणार कुठून! भोक बुजेना. तिथूनच वाऱ्यानं चीर धरली होती.

चहा घेऊन आलेल्या वहिनी त्याच्या मागे उभ्या होत्या. ‘‘अहो, ही तुमची सुई.’’

‘‘गप्प बस.’’

‘‘मी गप्पच आहे. गप्प राहणार नाहीत ते हे.’’ त्यांनी माझ्याकडे हनुवटी केली.

मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली. काटा खड्ड्यात जाऊन बसला. कंपनीवर ढकललं असतं तर कोणाला कळलं असतं? खडू राहिला असता, वर मेहुण्याची फजिती फुकट. चहावर साय धरली.

शेवटी खड्ड्यातलं डोकं बोललं, ‘‘तू सांगणारच.’’

‘‘मी? छे!’’

‘‘तुला भिऊन कमिटीकडे जात नाही मी. तुझी वाचा गेली असती तरी गेलो असतो.’’

कमिटीच्या खोलीत मेहुणा कंपनीला खरमरीत पत्र लिहवून घेत होता. काटा दारातूनच म्हणाला, ‘‘फाडा ते. शीड चांगलं होतं. भोक माझं. कापडाची रीत मी पापुद्र्याला लावली.’’ आणि खडू टेबलावर ठेवला.

मेहुण्याला तर मांडवच पुन्हा सापडला. ‘‘भावोजी, माफी मागताय?’’

‘‘तुझी? शिडाची मागतोय. तू मध्ये उभा आहेस, सरक.’’

ते शीड त्यानं दुरुस्त केलं. सुई न लावता, चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी दाबून. मेहुण्यानं ते आजाऱ्याच्या पाठीला आधार दिल्यासारखं जपून, गुंडाळून नेलं, पण ‘बरं झालंय’ एवढंही म्हणाला नाही. खडू कमिटीनं मेहुण्याच्याच हातात दिला. शर्यतवाले माळ्याचा जिना विसरले. वहिनींनी भावाकडे जाणं सोडलं नाही आणि नवऱ्यानं तिकडची खुशाली विचारणं सुरू केलं नाही.

पुढच्या शर्यतीला मेहुणा खडू घेऊन धक्क्यावर फिरत होता आणि काटा आमच्या बाकावर, पहिल्यांदाच. एका वकिलाच्या शिडावर खूण झाली तसा काटा मोठ्यानं म्हणाला, ‘‘हिवाळाभर उघडं होतं ते. वरच्या शिवणीला नख लावायला हात झिजतात का?’’

‘‘बाहेरच्यांनी बोलायचं नाही,’’ मेहुणा पाठमोराच म्हणाला.

दोन होड्या पुढे जाऊन तो परत आला. इकडे-तिकडे बघत त्यानं शिवणीला नख लावलं. दोरा तुटला. त्यानं बाहीनं खूण पुसली. बाकाकडे बघितलंसुद्धा नाही. वकील मात्र पुरता भडकला आणि त्यानं दोघांचंही सगळं खानदान उद्धारलं. मेहुण्याला शिव्या घालायचा हक्क काट्याच्या मते त्याच्या एकट्याचा. तो बाकावरून उठून वकिलाशी भांडायला गेला.