दांडीवरचे डोळे

समुद्राच्या काठावर वाढले, तरी माशाचं अंडं मला गाभोळी म्हणूनच ठाऊक. मसाला लावून तव्यावर परतायची ती. त्यातलं एकेक अंडं सुटं केलं तर काचेसारखं आरपार दिसतं आणि काहींच्या पोटात तेलाचा इवलासा थेंब असतो, हे कळायला मला अंधेरीच्या प्रयोगशाळेत यावं लागलं.

आठवीत शाळा सुटली. देवगडजवळच्या आमच्या गावातून चारकोपला मावशीकडे आले, आणि तिच्या ओळखीने या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागले. तिथल्या मॅडम खोल समुद्रातल्या माशांवर काम करतात. एकदा कोणी नाही असं बघून मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला होता. मागून आवाज आला, "उभ्याने काय बघतेस, खुर्ची घे की." मॅडमच होत्या.

मग त्यांनी मला महिनाभर नमुने निवडायला बसवलं. जमलं तर हेच काम, नाही तर बाटल्या आहेतच, म्हणाल्या. बोलल्या प्रेमानेच, पण माझी झोप उडाली. घरी आईला काही कळवलं नाही. सांगायचं आणि मग परत बाटल्यांवर यायचं, त्यापेक्षा नकोच.

काम तसं अंगातलंच. गावी रापणीचं मोठं जाळं काठावर ओढलं की आम्ही बायका वाळूवर बसून मासा, कोळंबी, कुर्ल्या, म्हणजे खेकडे, वेगळे करायचो. इथे तेच, फक्त समुद्र काचेच्या वाटीत आणि हातात ड्रॉपर. जहाजावरून बारीक जाळं ओढून आणलेला माल स्पिरिटमध्ये ठेवलेला असायचा. त्यातली माशांची अंडी एका वाटीत, माशांची पिल्लं दुसरीत, कोळंबी-कुर्ल्यांची पिल्लं तिसरीत. तिसरी वाटी आमच्या कामाची नाही, ती खालच्या मजल्यावरच्या लोकांना द्यायची.

"हे मासे राहतात तिथे उजेड पोचत नाही," मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आपण कुठे बघायला जाणार? पण यांच्यातल्या कित्येकांची अंडी वर तरंगत येतात, पिल्लं वरच खाऊन वाढतात आणि मग खाली जातात. आपण पाळणाघरात डोकावून गावात कोण कोण राहतं ते ओळखायचं." पिल्लू आईबापासारखं दिसतच नाही, म्हणून त्याचा कणभर तुकडा तपासून नातं जुळवायचं. मला तर रोज लग्नघरात असल्यासारखं वाटायचं. पुढच्या थेंबात कोण येईल, काय सांगावं?

महिना संपत आला होता. दुपारी वाटीत एक दोऱ्यासारखं काहीतरी आलं. त्याच्या डोक्यातून दोन लांब दांड्या निघालेल्या आणि दांड्यांच्या टोकाला डोळे. डोळे दांडीवर म्हणजे कुर्लीची जात, नाही तर कोळंबीची. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ते कळतं. टाकलं तिसऱ्या वाटीत.

जेवून आले, तरी तो दोरा डोळ्यांपुढून जाईना. कुर्ली असेल तर पाय कुठे होते? आणि अंगावर त्या बारीक तिरक्या रेघा होत्या, बोंबील उजेडाला धरला की दिसतात तशा. म्हणून तिसरी वाटी बघायला गेले, तर ती रिकामी.

शेजारच्या टेबलावर मॅडमचा विद्यार्थी बसायचा. मी त्याला दादा म्हणायचे. "दादा, ती वाटी?"

"बरणीत ओतून खाली दिली. का गं?"

गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. महिना सरळ पार पडला असता. आणि तो मासा असलाच तर कोळंब्यांच्या बरणीत कायमचा कोळंबी होऊन राहिला असता. मी मॅडमच्या दारात गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

मॅडम रागावतील म्हणून मी मान खाली घातली. तर त्या खुर्चीतून उठल्यासुद्धा. "दांडीवर डोळे? चल, बरणी आण आधी."

बरणी वर आली. अर्धी दादाने घेतली, अर्धी मी.

"वाट लावलीस ना माझ्या चहाची," दादा ड्रॉपर हलवत म्हणाला. "एवढ्या कोळंब्या तर मी लग्नाच्या पंगतीतपण बघितल्या नाहीत."

"तुमच्याकडे पंगतीत पनीर असतं."

"म्हणून तर."

मॅडम आमच्या दोघांच्या मागे येरझारा घालत होत्या. मी एकेक थेंब चाळत होते. दांड्या मोडल्या असतील तर? माझ्या ड्रॉपरनेच मोडल्या असतील तर?

"अगं ये," दादा हळूच म्हणाला. "हा बघ तुझा."

एक दांडी वाकली होती, पण दोन्ही डोळे जागेवर. मॅडमनी वाकून खूप वेळ पाहिलं.

"मासाच आहे. मोठा होताना या दांड्या आखडत जातात आणि डोळे डोक्यात येऊन बसतात. मग हा काळाकुट्ट होऊन खाली अंधारात जातो. जिवंत कोण बघणार? मीसुद्धा असं पिल्लू आजवर चित्रातच बघितलंय."

"पण मी चुकले ना, मॅडम?"

"चुकलीस की. आता डोळ्यांबरोबर अंगही बघत जा." त्या सरळ झाल्या. "आणि बाटल्यांसाठी उद्यापासून मी दुसरी कोणीतरी बघते. एका माणसाने किती कामं करायची."

मला थँक्यू म्हणायचं होतं. ते सोडून मी ड्रॉपरच धुवायला लागले. दादाने चहा मागवला.

संध्याकाळी चारकोपला उतरले आणि घर गाठायच्या आधीच आईला फोन लावला. नवं काम पक्कं झाल्याचं सांगितलं. ती देवाचं नाव घेत राहिली. मग म्हटलं, आये, आज एक मासा बघितला, त्याचे डोळे दांडीवर होते.

आई म्हणाली, "गो बाये, ती कुर्ली असतली. नीट बघ."