लातूरला नीट चालणारं मशिन

निवृत्त झाले तेव्हा मी लातूर सोडून नांदेडला वडिलांच्या घरी राहायला आले. आयुष्यभर कचेरीत मराठी टंकलेखक म्हणून काम केलं. लग्न केलं नाही. आई लवकर गेली होती. वडील वीजखात्यात वायरमन होते, ते माझ्यासोबत अडीच वर्षं राहिले आणि एका सकाळी चहा पिता पिता गेले. त्यानंतर घरात मी आणि माझा कॉम्प्युटर.

हा कॉम्प्युटर मी स्वतः जोडला होता. लातूरला आमच्या कचेरीतली मशिनं दुरुस्त करायला एक मेकॅनिक यायचे, मूळचे जळकोटचे. त्यांनी मला एका कागदावर सामान लिहून दिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हीच जोडा. स्क्रू फिरवायला काय लागतंय?" मी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून दोन दिवसांत जोडला. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखा फिरला, तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यात विंडोज जुनी होती. तिचं अपडेट येणं कधीच बंद झालेलं. पण माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर फक्त तिच्यावरच चालायचं, आणि माझी बोटं टाइपरायटरच्या जुन्या मांडणीवर घडलेली. नव्या कीबोर्डवर मी नवशिकी होते, जुन्यावर डोळे मिटून चालत होते. म्हणून इंटरनेटची वायर काढून ठेवली आणि जे आहे त्यावर काम चालवलं.

काम म्हणजे हस्तलिखितं टाइप करून देणं. गेल्या वर्षी होळीच्या सुमारास बिलोलीहून एका निवृत्त गुरुजींचं पार्सल आलं. दोनशे पानी चार वह्या. त्यात त्यांनी आपल्या गावाबद्दल लिहिलं होतं: कुठली विहीर कुणी खोदली, निजामाच्या काळात शाळा कशी भरायची, कोणत्या शेतात कोणतं झाड होतं. वय ऐंशीच्या पुढं, दिसायला कमी झालेलं. कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला होता.

ते रोज संध्याकाळी सहाला फोन करायचे.

"मॅडम, कितवं पान चाललंय?"

"गुरुजी, सव्वीस."

"विहिरीचं आलं का?"

"आलं. बारवेच्या पायऱ्या तुम्ही एकवीस लिहिल्यात, पुढं पुन्हा तेवीस लिहिल्यात."

"तेवीसच आहेत. दोन गाळात असतात, उन्हाळ्यात दिसतात."

असं दहा-पंधरा मिनिटं चालायचं. सुरुवातीला मला ते कामात अडथळा वाटायचं. मग एकदा त्यांचा फोन आला नाही, आणि मला लक्षात आलं की मी दिवसभरात एकाही माणसाशी बोललेले नाही. सकाळी दूधवाल्याला "अर्धा" म्हटलं होतं, तेवढंच. त्यानंतर साडेपाच वाजले की मी चहा करून फोनजवळ बसायला लागले.

एप्रिलमध्ये मशिन बिघडलं. लिहिता लिहिता पडदा निळा व्हायचा, पांढऱ्या अक्षरांत काहीबाही यायचं आणि मशिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. कधी नुसतं थिजायचं. माऊस हलायचा नाही, घड्याळ तिथंच थांबायचं. शेवटचं सेव्ह केल्यानंतरचं सगळं जायचं.

मी कचेरीतली बाई. मी वही घातली. तारीख, वेळ, कितवं पान, काय करत होते, काय झालं. सकाळी ११.२०, पान ४१, निळा पडदा. दुपारी २.०५, पान ४३, प्रिंटर सुरू केला, थिजलं. मग एकेक उपाय. कॅबिनेट उघडून पंख्यांतली धूळ जुन्या टूथब्रशनं काढली. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरनं घासले. एक पट्टी ठेवून दोन दिवस, मग दुसरी ठेवून दोन दिवस. प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी पेस्ट बदलली. विंडोज पुसून पुन्हा टाकली, त्यात सगळा रविवार गेला. विहारातल्या बायका वंदनेला बोलवायला आल्या होत्या, त्यांना दारातूनच "पुढच्या रविवारी" म्हणाले. अगोदरच्या रविवारीही तेच म्हणाले होते.

काहीच फरक पडला नाही. एखाद्या दिवशी मशिन सकाळपासून संध्याकाळपर्यंत नीट चालायचं आणि मला वाटायचं, झालं. दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह लावायला हात पुढं केला की बोटांना मुंग्या यायच्या आणि पडदा निळा. मुंग्यांचंही मी वहीत लिहिलं, पण तो माझ्या वयाचा दोष असेल असं समजून कंसात.

गुरुजींना मी खोटं सांगायला लागले. पान एकशे दहावर असताना एकशे वीस सांगायची आणि रात्रीचं जेवण लवकर उरकून फरक भरून काढायची. एका दुपारी हार्ड डिस्कवरची फाइलच खराब झाली. सव्वाशे ते एकशे त्रेचाळीस, एकोणीस पानं. उघडली तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. पेन ड्राइव्हवर घेतलेली प्रत त्याच्या आदल्या आठवड्याची होती. त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा मी म्हणाले, "एकशे त्रेचाळीस," आणि ते खूश झाले.

दुसऱ्या दिवशी मी लातूरच्या मेकॅनिकला फोन केला. ते म्हणाले, "घेऊन या बाई. बघितल्याशिवाय काय सांगू?"

कॅबिनेट चादरीत बांधून एसटीत शेजारच्या सीटवर ठेवलं. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, टीव्ही हाय का?" मी म्हणाले, "कॉम्प्युटर." "मग मांडीवर घ्या, सीट लागंल अहमदपूरला." अहमदपूरपासून लातूरपर्यंत मी ते मांडीवर घेऊन बसले. खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलून धरायची.

त्यांचं दुकान तेच, बाकडं तेच. फक्त त्यांचे केस गेले होते. त्यांनी मशिन लावलं आणि दिवसभर पळवलं. मी समोर बसून टाइप केलं, प्रिंट काढल्या, पेन ड्राइव्ह घातला-काढला. सहा तासांत एकदाही काही झालं नाही.

"बाई, इथं तर झकास चालून राहिलंय."

"तिथं नाही चालत."

"आता काय सांगावं? तरी पॉवर सप्लाय बदलून देतो."

त्यांनी तो बदलला. मी चुलत बहिणीकडं मुक्काम केला, सकाळी पुन्हा येऊन दोन तास टाइप केलं. वही सोबत नेली होती, गेलेल्या एकोणीसमधली चार पानं तिथंच झाली. दुकानात ग्राहक येत होते, कुणी चहा सांगत होतं, रेडिओ लागला होता. मला तिथून उठावंसं वाटेना.

नांदेडला आले, मशिन जागेवर ठेवलं, सुरू केलं. चाळीस मिनिटांत पडदा निळा.

मी तेव्हा रडले. मशिनसाठी नाही, ते मला त्या वेळीही कळत होतं. सहाला फोन वाजला. गुरुजींनी नेहमीसारखं विचारलं आणि मी सगळं खरं सांगून टाकलं. एकोणीस पानं गेली, मी तुम्हाला खोटे आकडे सांगत होते, मशिन कधी नीट होईल सांगता येत नाही.

मग ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. तो हैदराबादला नोकरीला असतो. बोलायला चांगला होता. म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. आता मोबाइलवर वाचून दाखवलं की आपोआप टाइप होतं. मी सुट्टी काढून पंधरा दिवसांत उरकतो. बाबांचं वय झालंय, त्यांना पुस्तक हातात बघायचंय." मी म्हणाले, "हो, बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी तो स्वतः गाडीनं आला आणि चारही वह्या घेऊन गेला. मी टाइप केलेलं पेन ड्राइव्हवर देऊ केलं, पण ते जुन्या फॉण्टमधलं, त्याच्या लॅपटॉपवर उघडलंच नाही. नुसती इंग्रजी अक्षरं दिसली. "राहू द्या," तो म्हणाला.

सहा वाजता फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी चहा तरीही त्याच वेळी करत होते.

आठवड्यानं लातूरहून मेकॅनिकचा फोन आला, मशिनचं विचारायला. मी सांगितलं, तसंच आहे. त्यांनी विचारलं, "बाई, हात लावल्यावर करंट लागतो का? बारीक?"

"मुंग्या येतात."

"मग आधी नाही का सांगायचं! मशिन नीट हाय तुमचं. बिघाड घरात हाय. अर्थिंग बघून घ्या."

गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं प्लगमध्ये टेस्टर घातला, मीटरजवळ गेला, परत आला, मग वायरीच्या मागं मागं मोरीच्या मागच्या भिंतीपाशी गेला. तिथं दोन फूट उघडी जमीन आहे, त्यातून एक गंजलेला पाइप वर आलेला. त्यानं टाचेनं माती उकरली. कोरडी ठणठणीत.

"काकू, हिला पाणी कोण घालत होतं?"

"कशाला?"

"अर्थिंगला. माती ओली नसली तर करंट जमिनीत जात न्हाई. तुमच्या कॉम्प्युटरच्या डब्यातच घुटमळतो मग. प्रिंटर लावला, हात लावला, की झटका."

वडील रोज आंघोळ झाली की बादलीत उरलेलं पाणी त्या कोपऱ्यात नेऊन ओतायचे. तिथं काहीही उगवत नव्हतं. अडीच वर्षं मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आणि म्हातारपणाची सवय म्हणून सोडून दिलं. एकदा म्हणालेही होते, "बाबा, पाणी वाया कशाला घालवता? मोगऱ्याला तरी घाला." ते हसले होते. समजावून सांगायला गेले नाहीत. ते कमीच बोलायचे, आणि मीही विचारलं नाही.

"वडील घालायचे," मी म्हणाले.

"समजदार माणूस," तो म्हणाला आणि खड्डा करायला बसला. मीठ आणि कोळसा घालून खड्डा भरला, वायर नवी घेतली, वर चार बादल्या ओतल्या. त्या बादल्या मी भरून आणल्या. पाणी जमिनीत शिरताना बुडबुडे येत होते आणि मी ते संपेपर्यंत बघत राहिले.

त्या दिवसापासून मशिन थिजलं नाही. विंडोज तीच, रॅम तीच. मी वहीत चार दिवस "काही नाही" असं लिहिलं आणि पाचव्या दिवशी लिहिणं सोडलं. टाइप करायला समोर काही नव्हतं. मग आठवणीत होती तेवढी गेलेली पानं टाइप करायला बसले. एकदा वाचलेलं आणि एकदा लिहिलेलं, त्यामुळं बरंच डोक्यात होतं. लातूरची चार होती, आणखी आठ-नऊ जमली. जिथं आठवलं नाही तिथं जागा मोकळी सोडली. सगळ्याची प्रिंट काढली, सुतळीनं बांधली आणि बिलोलीची गाडी पकडली. फोन करून गेले नाही. ते नको म्हणाले असते तर जाता आलं नसतं.

गुरुजी ओसरीवर खुर्चीत बसले होते. अंगानं बारीक, पांढरं धोतर. मी "मॅडम आलेय, नांदेडहून" म्हटल्यावर त्यांनी मान वर करून आवाजाच्या दिशेनं बघितलं.

"मॅडम? तुम्ही? बसा, बसा. आवाजावरून मला तुम्ही तिशीतल्या वाटायचात."

"एकसष्ट पूर्ण झाली."

"मग मी उगाच ताईसाहेब म्हणायचं टाळत होतो," ते म्हणाले आणि दोघंही हसलो. पण तेवढंच. फोनवर आम्ही इतकं बोललो होतो, समोरासमोर आल्यावर दोन अनोळखी म्हातारी माणसं झालो. सुनेनं चहा आणला.

मी गठ्ठा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला, कडा सारख्या केल्या. "मुलानं छपाईला दिलंय," ते हळूच म्हणाले. "झालं ते काम."

"माहीत आहे. हे असंच आणलंय."

"वाचा की थोडं."

मी विहिरीचं पान काढलं आणि वाचायला लागले. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. "'लवकर' नाही. मी 'बेगीनं' लिहिलं होतं."

ते खरं होतं. कचेरीच्या सवयीनं मी बदललं होतं, आणि किती ठिकाणी बदललं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं. ते रागावले नाहीत. "माझी माय तसंच म्हणायची," एवढंच बोलले. मग मी पेन काढून त्या पानावर "लवकर" खोडलं आणि वर "बेगीनं" लिहिलं. पुढचं दोन तासांचं वाचन तसंच झालं, मी वाचत होते, ते थांबवत होते. मोकळ्या सोडलेल्या जागा आल्या तेव्हा ते सांगत गेले आणि मी हातानं भरत गेले.

चारची गाडी होती. ते काठी घेऊन मला स्टँडपर्यंत पोचवायला निघाले. सून नको म्हणत होती, ऊन होतं. तरी आले. रस्त्यात त्यांनी मला बारव दाखवली, म्हणजे काठीनं तिकडं खूण केली. पाणी तळाला गेलं होतं. मला पायऱ्या मोजायच्या होत्या, पण गाडीचा हॉर्न वाजला.

"परत या," ते म्हणाले.

"येईन."

मला खिडकीची जागा मिळाली. ते सावलीत न जाता स्टँडवर उन्हातच उभे होते, गाडी कुठल्या बाजूनं निघते ते त्यांना दिसत नसावं, कारण ते दुसऱ्याच गाडीकडं तोंड करून हात हलवत होते. मी खिडकीतून हाक मारली, पण इंजिनच्या आवाजात ती त्यांना ऐकू गेली नसावी.