शोभामावशीच्या टबातला मासा

शेवटच्या भेटीत शोभामावशीने मला चहासुद्धा विचारला नाही. बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या तिच्या घरी शिरले, तर स्वारी बाल्कनीतल्या निळ्या टबापाशी. "आधी हात धू. साबण नको लावूस, त्याला सोसत नाही. आता याला उलटा धर, पोटाचा फोटो हवाय!" टबात एक काळपट, खरखरीत मासा होता. फोटो माझ्याच फोनवरून पाठवला. त्याच आठवड्यात मावशी झोपेत गेली... बातमी कळली तेव्हा मला आधी तो मासाच आठवला.

अंबरनाथच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, तरी तिची चौकस खोड काही जिरली नव्हती. उल्हास नदीत जाळं टाकणाऱ्या गणूदादांनी हा मासा तिला आणून दिला होता. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मासे पाळायच्या काचेच्या टाकीतलं शेवाळ खातो म्हणून लोक घरी आणतात, फार वाढला की दया येऊन नदीत सोडतात. "याची दया येते, मग नदीतल्या बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" मावशी भडकायची.

तिने त्याची नोंद बाहेरून आलेल्या जीवांची माहिती ठेवणाऱ्या आपल्याकडच्या एका संकेतस्थळावर केली होती. तिथली माहिती इतर देशांच्या नोंदींशी जोडलेली असते, त्यामुळे ती थेट फिलिपिन्समधल्या एका बाईंना दिसली. त्यांनीच पोटाचा फोटो मागितला होता, कारण जात पोटावरच्या नक्षीवरून ओळखतात. बदलापूरच्या माशाची चौकशी तिकडून व्हावी, याचं मावशीला कोण अप्रूप!

बाईंचं उत्तर आलं, तेव्हा घरात मावशीच्या जलदान विधीची तयारी चालली होती. 'तोच आहे. आमच्या तळ्यात याने जाळी फाडली, काठ पोखरले. तुमच्याकडे पिल्लं दिसतात का? नसतील, तर त्याला रोखायला अजून वेळ आहे.'

विधी आटोपल्यावर मामा टबापाशी आले. "मुका जीव आहे गं. तिच्या नावाने नदीत सोडून दे, पुण्य लागेल तिला."

"मामा, तिच्या नावानेच ठेवलाय."

मामा रागावले. मला रडू आलं, पण टब मी रिक्षात घालून उल्हासनगरला, माझ्या घरी आणला.

आता रविवारी गणूदादांबरोबर नदीवर जाते. जाळ्यात याची पिल्लं शोधतो आणि फिलिपिन्सच्या बाईंना कळवतो. अजून एकही दिसलेलं नाही. परत येऊन टबातलं पाणी बदलते. त्याआधी हात धुते, साबण न लावता.