ओट्यातला जिरकॉन

नाशिकला राहून भूगर्भशास्त्र शिकवायचं म्हणजे जन्मभर एकाच भाजीवर पंगती उठवायच्या. इथे जिकडे बघावं तिकडे काळा कातळ. गोदाघाटाच्या पायऱ्या काळ्या, पंचवटीतल्या देवळांचे दगड काळे, आणि सिन्नरच्या आमच्या शेतात नांगराला आडवा येतो तोही काळाच. हा बसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला, वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. ऐकणाऱ्याला हा आकडा मोठा वाटतो, पण दगडांच्या जगात आमचा बसाल्ट म्हणजे कालचं पोर. त्याच्यावर माझा राग नाही. त्यात जिरकॉन शोधून सापडत नाही, एवढीच माझी जुनी तक्रार.

अंगठीत चमकतो तो बनवलेला खडा वेगळा, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. मी म्हणते तो जिरकॉन ग्रॅनाइट आणि नाइस अशा पुरातन खडकांत असतो. ग्रॅनाइट हा जमिनीच्या पोटात शिलारस थिजून झालेला, आणि नाइस हा जुनाच खडक पुन्हा भाजून, दाबला जाऊन पट्टेदार झालेला. या दोघांत जिरकॉन मिठाच्या कणाहून बारीक होऊन बसलेला असतो. डोंगर झिजून वाळू झाला तरी हा झिजत नाही. खडक पुन्हा भट्टीत गेला तर हा पठ्ठ्या अंगावर एक नवा थर चढवतो आणि आतला जुना गाभा तसाच सांभाळतो. त्याच्यात मुळातच थोडं युरेनियम असतं. त्याचं ठरल्या गतीने शिसं होत जातं, आणि त्यावरून खडकाचं वय काढता येतं. फळ्यावर दोन्ही टोकांना निमुळती आकृती काढून मी हे सगळं वर्षानुवर्षं शिकवलं.

मागच्या वर्षी माझी निवृत्ती तोंडावर आली असताना पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः पाहिलाय का जिरकॉन?"

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलले की माझ्या तोंडावर लगेच दिसतं, म्हणून मी ते करत नाही.

"मग तो असतो हे आम्ही कशावरून मानायचं?"

वर्ग हसला. मीही हसले, आणि तोंडातून निघून गेलं, "जायच्या आधी दाखवते." मग स्कूटरवर घरी येईपर्यंत स्वतःशीच भांडत आले. दगडांच्या पातळ चकत्या बसवलेल्या आमच्या कॉलेजच्या जुन्या काचपट्ट्यांत जिरकॉन ओळखू येईल अशी एकही नव्हती. दक्षिणेकडे खडक बघायला सहली निघायच्या तेव्हा नेमकं घरात कुणाला गोवर, नाहीतर कुणाचं लग्न. त्या पोरीचं चुकलं काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. न पाहिलेल्या वस्तूचं वर्णन करून मी पगार घेतला, असं वाटत राहिलं. आता शेवटचा तास सोमवारी होता. त्यानंतर कॉलेजचा सूक्ष्मदर्शक माझा राहणार नव्हता, आणि तो वर्गही.

त्याच दिवसांत घरी स्वयंपाकघराचं काम चाललं होतं. माझ्या सासूबाई सिन्नरजवळच्या खेड्यातल्या. मी त्यांना आई म्हणते. ओट्याचा दगड निवडताना त्यांचं आणि माझं जुंपलं होतं. सगळ्यांसारखा काळा घ्यावा असं त्यांचं म्हणणं. "गुलाबी दगडावर तेलाचा डाग पडला तर लय दिसंल." मी हट्टाने कर्नाटकातून आलेला गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांचा घेतला, कारण काळा मी दिवसभर बाहेर बघतच असते. शनिवारी मिस्त्रीने ओट्यात सिंकसाठी चौकोन कापला आणि निघालेला तुकडा गॅलरीत नेऊन ठेवला. संध्याकाळी मी झाडांना पाणी घालायला गेले तर माझी नजर त्याच्या कापलेल्या कडेवर पडली. भिंग आणून पाहिलं. अस्सल नाइस. वय बहुधा अडीचशे कोटी वर्षांच्या घरात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. ज्याच्यासाठी मी दक्षिणेला जायला तडफडत होते तो माझ्या घरी टेम्पोतून आला होता.

पण त्या तुकड्यावर आईंनी तोवर माठ ठेवला होता.

"गार दगड हाय. माठाला बरा," त्या म्हणाल्या.

"मला तो फोडायचाय."

"नवा दगड? काय बिघडलंय त्याचं?"

मी त्यांना वर्गातल्या मुलीचा प्रश्न सांगितला, सोमवारचं सांगितलं. आईंनी ऐकून घेतलं आणि एक कोपरा मंजूर केला. त्याहून इंचभरही नाही.

रविवारी सकाळी मी तो कोपरा हातोडीने उडवला, कॉलेजातून आणलेल्या लोखंडी खलात कुटला आणि मैद्याच्या चाळणीतून चाळला. त्या चाळणीला नंतर घरात वाळीत टाकण्यात आलं. आता वाळू रोळायची होती. आमच्याकडे तांदूळ रोळतात तसंच. पातेल्यात पाणी घेऊन गोल गोल फिरवायचं, हलके दाणे पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात ओतायचे, जड खडे तळाशी उरतात. जिरकॉन जड, म्हणजे तो तळाशी उरणार. मी पातेलं हातात घेतलं आणि मिस्त्रीने खालून हाक मारली. टाइल्सची खोकी आली होती आणि रंग चुकला होता. मी खाली जाऊन यथेच्छ भांडले.

वर आले तेव्हा आई साडीचा ओचा खोचून गॅलरीत बसल्या होत्या. स्टीलच्या ताटात गुलाबी-पांढरी वाळू उन्हाला पसरलेली होती, अगदी निवडलेल्या आंबेमोहोरासारखी.

"तुला वेळ व्हता का? मीच रोळलं," त्या आनंदाने म्हणाल्या. "एक काळा कण ठिवला नाय."

"आणि तळाशी राहिलं ते?"

"ते खडे. कढीपत्त्याच्या कुंडीत टाकले आन् वर पाणी घातलं."

मी खुर्चीवर बसले. मग जे बोलले ते मिस्त्रीला, टाइल्सवाल्याला आणि एकूणच नाशिक शहराला उद्देशून होतं. वड्याचं तेल वांग्यावर. शेवटी मी म्हणाले, "आई, या कामात तांदूळ टाकायचा असतो आणि खडे ठेवायचे असतात."

त्या ताटाकडे बघत राहिल्या. "मग हे आदी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. खरं होतं. मला सुचलंच नव्हतं, कारण त्या मदतीला येतील असं वाटलं नव्हतं.

तो कढीपत्ता आईंचा जीव की प्राण. दोनदा वाळून तिसऱ्यांदा लागलेला. नव्या मातीसाठी त्यांनी सिन्नरच्या शेतातून पोतं भरून एसटीने आणवलं होतं. मी कुंडीकडे बघितलं. आई उठल्या, खुरपं घेऊन आल्या आणि वीतभर माती स्वतःच काढायला लागल्या. "मुळं वाचली तर वाचतील," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला शब्द दिलास ना?" मी परात आणली.

परातीत माती घेतली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ज्या काळ्या कातळाला मी जन्मभर नावं ठेवली तो आज माझ्या बाजूने होता. ती माती निव्वळ बसाल्टची. तिच्यात जिरकॉन नव्हता, म्हणून जो सापडेल तो आमच्या ओट्यातलाच असणार होता.

आम्ही दुपारभर माती रोळली. आईंचा हात माझ्यापेक्षा सफाईदार, पण वर्षानुवर्षांची सवय. शेवटी तळाशी काळसर चिमूट उरली की पातेलं आपोआप कुंडीकडे कलायचं. मी त्यांचं मनगट धरून बसले होते. त्या स्वतःच्याच हाताला शिव्या घालत होत्या, आणि आम्ही दोघी हसून हसून दमलो. उरलेल्या चिमटीवरून कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं, काळे कण त्याला चिकटून गेले. कपबशीत उरलं ते फुंकरीने उडालं असतं, म्हणून आम्ही तोंडावर पदर आणि ओढणी धरून फिरत होतो.

सोमवारी आई माझ्याबरोबर कॉलेजात आल्या. "माझ्या कुंडीतनं निघालंय, मी बघणारच." वर्गात त्या मागच्या बाकावर बसल्या. मी काचपट्टीवर ते कण टाकले, वर तेलाचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काळे ओबडधोबड तुकडे गेले, लालसर एक गेला. पट्टी सरकवत सरकवत मी कडेपर्यंत आले, आणि तिथे तो होता. लांबट, स्वच्छ, दोन्ही टोकांना निमुळता, फळ्यावर मी हजारदा काढला होता तसाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो धूसर झाला, म्हणून मी बाजूला झाले आणि त्या मुलीला बोलावलं.

ती बराच वेळ वाकून बघत राहिली. "आहे, मॅडम," ती म्हणाली.

मग रांग लागली. आईंची पाळी आली तोवर बघून झालेली पोरं त्यांच्यामागे पुन्हा रांगेत लागली होती. त्यांनी एक डोळा तळहाताने झाकला, दुसरा नळीला लावला. त्या इतका वेळ हलल्या नाहीत, की मला वाटलं त्यांना काही दिसत नसावं.

"अगं," त्या वर न बघता म्हणाल्या, "ह्यो तर तांदूळ हाय. मी खडे ठिवले आन् तांदूळ टाकला."

पोरं हसली. आईही हसल्या, आणि पदर सावरून पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.