काकीच्या गालावरच्या जांभळ्या रेघा

कॉलेजच्या पहिल्याच वर्षात मला सगळं कळायला लागलं होतं. निदान माझी तशी पक्की समजूत होती. साताऱ्याला वसतिगृहात राहून विज्ञान शिकणारी आमच्या घरातली मी पहिली मुलगी. सत्तरच्या दशकात आमच्या माण तालुक्यातल्या गावाला याचं फार अप्रूप. सुट्टीत घरी आले की जखमेवर हळद का लावतात, हे मी हळद लावणाऱ्या बाईलाच समजावून सांगायची. घरचे ऐकून घेत. त्यात कौतुक होतंच, शिवाय माझ्या तोंडाला लागायची कुणाची तयारी नव्हती.

त्या उन्हाळ्यात धाकट्या काकीच्या गालात आतल्या बाजूने गाठ निघाली. आमच्याकडच्या बायांना मशेरीची सवय. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि दातांना घासत बसायचं. काकी लग्न होऊन आली तेव्हा तिला ही सवय थोरल्या काकीने लावली. या दोघी जावा एका चुलीवर वीस वर्षं भांडल्या, पण मशेरी एकाच डबीतली. रोज सकाळी मागच्या दारी उकिडव्या बसून, तोंडं काळी करून, दोघी आदल्या दिवसाचं भांडण मिटवायच्या आणि उठता उठता नवीन काढायच्या.

सांगलीकडच्या एका इस्पितळात काकीला लाईट द्यायचं ठरलं. लाईट म्हणजे किरणोत्सर्ग. कोबाल्टच्या यंत्रातून निघणारे किरण गाठीवर सोडायचे, सहा आठवडे, रविवार सोडून रोज. धाकटे काका मुंबईला गिरणीत. थोरली काकी दम्याने बेजार. सुट्टी मला होती आणि इंग्रजीही मला येत होतं, म्हणून सोबत मी निघाले. थोरली काकी धापा टाकत एसटीच्या थांब्यापर्यंत आली. धाकटीच्या पिशवीत तिने शेंगदाण्याची चटणी कोंबली आणि म्हणाली, "बरी हून ये. मला भांडाय दुसरं कोन हाय?"

इस्पितळाजवळ एक खोली भाड्याने मिळाली. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मापं घेऊन काकीच्या गालावर आणि मानेवर जांभळ्या शाईने रेघा मारल्या. किरण नेमके या चौकटीत पडायला हवेत, म्हणाले. रेघा पुसल्या तर मापं पहिल्यापासून घ्यावी लागतील, मध्ये दिवस जातील, आणि खंड पडला की गाठीला पुन्हा जोर धरायला फावतं. म्हणून आंघोळ गळ्याखाली. डोक्यावरून पाणी अजिबात घ्यायचं नाही. आमच्या लाईटच्या रांगेत आटपाडीची एक म्हातारी होती. तिने आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला शिकेकाई लावून सगळं लख्ख धुऊन काढलं आणि हसत हसत लाईट घ्यायला आली. तिचे आठ दिवस गेले. ते बघून काकीच्या रेघा मी डोळ्यांत तेल घालून जपायला लागले.

मी एक वहीही ठेवली. डॉक्टर भले गृहस्थ. माझा उत्साह बघून त्यांनी मला नाडी मोजायला शिकवलं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं टेकायची. तिथे जे उडतं ती रेडियल धमनी, तिच्याखालचं हाड रेडियस. रेडियस म्हणजे मूळ लॅटिनमध्ये चाकाचा आरा, आणि किरणालाही तोच शब्द, असंही त्यांनी सांगितलं. हे मी खोलीवर येऊन काकीला शिकवलं. तिने आपला हात उलटसुलट करून पाहिला. मनगटावर हिरवं तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं, मी नाडी बघायची ती बरोबर त्याच्या कडेला. "म्हंजे गाडीच्या चाकात बी त्योच, माज्या हातात बी त्योच, आन् गालावर मारत्यात त्यो बी त्योच," ती म्हणाली. "मंग एवढं सिकायला साताऱ्याला कशापायी जावं लागतंय?"

मला राग आला. मी वहीत नाडीचा आकडा लिहिला आणि खाली लाल शाईने रेघ ओढली.

निम्मे लाईट झाले आणि पोस्टकार्ड आलं. दुपारी काकी पडली होती. मी दारातच घेतलं. वडिलांचं अक्षर. पहिल्या दोन ओळींत थोरली काकी गेल्याचं लिहिलं होतं, पहाटे, दम्याने. पुढे अक्षरं दिसेनात. असलं कार्ड घरात आणायचं नसतं, वाचलं की फाडायचं असतं. मी तिथेच त्याचे तुकडे केले आणि गटारात टाकले.

तिथे उभी राहून मी विचार केला. सुतक कळल्यापासून धरायचं. कळलं की त्या पावली डोक्यावरून आंघोळ. घरच्या थोरल्या सुनेचं सुतक, काकी कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हती. बादली ओतून घेतली असती आणि गाल आटपाडीच्या म्हातारीसारखा लख्ख झाला असता. मी ठरवलं, सांगायचं नाही. शेवटचा लाईट होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. मला थोरल्या काकीसाठी मोठ्याने रडायचं होतं, तेही जमण्यासारखं नव्हतं.

पण मी त्या घरची अविवाहित मुलगी, सुतक मलाही होतं. एवढं विज्ञान शिकून मी नळाखाली बसले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. न घेता खोलीत जायची छाती झाली नाही. आत आले तेव्हा काकी उठून बसली होती. तिने माझ्या केसांकडे पाहिलं. आदल्या दिवशीच मी न्हाले होते. मी म्हटलं, उकडत होतं. ती बरं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून परत आडवी झाली.

संध्याकाळी नाडी पाहिली तर भलतीच जलद. मी लिहिलं: किरणांचा परिणाम नाडीवर दिसू लागला. दुसऱ्या दिवशी दुधात साखर घातली तर काकीने पेला सरकवला, गोड नको म्हणाली. मी लिहिलं: गोड चव नकोशी. रात्री ती खाटेवरून उतरून जमिनीवर निजली. वर आग होते, खाली गार वाटतं, असं म्हणाली. मी लिहिलं: त्वचेचा दाह. भाजीला फोडणी नको, तेलाने तोंड झोंबतं, तेही लिहिलं. एका सकाळी डोळे सुजलेले दिसले. तो किरणांचा परिणाम कसा, हे मला पुस्तकात सापडलं नाही, तरी मी लिहिलं. मग ही सगळी वही डॉक्टरांपुढे उघडून मी ऐटीत वाचून दाखवली. तोंड आलं की असं होतं, म्हणत त्यांनी मान डोलावली. काकी बाकावर शेजारीच बसली होती. ती खाली बघत मनगटावरचं वृंदावन अंगठ्याने चोळत राहिली.

तीन आठवडे असेच गेले. मी रोज खोटं बोलायची. घरचं काही कळलं का, असं ती कधी विचारेल याची मला धास्ती होती, पण तिने एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, आजाराने माणूस स्वतःपुरतं होतं. तसंही लिहिलं असेल बहुतेक.

शेवटचा लाईट झाला. यंत्रावरचे गृहस्थ म्हणाले, झालं बाई, आता चार दिवसांनी बेतानं धुतलंत तरी चालेल. खोलीवर आल्यावर काकीने स्वतः स्टोव्ह पेटवला, पाण्याचं पातेलं चढवलं आणि मोरीत बादली ठेवली. मी म्हटलं, चार दिवस थांबायला सांगितलंय.

"लय थांबले," ती म्हणाली. "तीन आठवडं झालं थोरलीला जाऊन. आता न्हाऊ दे मला."

तिला कसं कळलं, हे विचारायची गरज नव्हती. दारात फाडलेलं कार्ड, माझे ओले केस, आणि घरी दम्याने बेजार अशी एकच. गोड नाही, फोडणी नाही, जमिनीवर निजणं, सुजलेले डोळे. सुतकाची एकेक गोष्ट तिने माझ्या डोळ्यांदेखत पाळली होती आणि मी तिच्याच शेजारी बसून ती किरणांच्या खात्यावर घातली होती. इतकी लाज मला आजवर कशाची वाटलेली नाही.

"मग विचारलं का नाहीस मला?"

"इचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तू सांगितलं असतंस तर मला न्हावं लागलं असतं." काकी मोरीत बसली. "थोरली म्हनली हुती, बरी हून ये. तिचं कवाच काय ऐकलं न्हाई. म्हनलं, एवढं तरी ऐकावं."

मी तांब्याने तिच्या डोक्यावर पाणी घातलं. गालावर हळूच, कातडी नाजूक झाली होती. जांभळी शाई ओघळून गळ्यावरून लुगड्यात गेली. मग ती रडली, तोंड दुखत होतं तरी मोठ्याने रडली, आणि मीही तिच्या पाठीला धरून रडले. माझं रडणंही तीन आठवड्यांचं तुंबलेलं होतं.

अंग पुसताना तिने विचारलं, कार्डात आणखी काय होतं? शेवटी थोरली काय बोलली, कुणाचं नाव घेतलं, काही लिहिलं होतं का?

मला खोटं बोलायची सवय झाली होती. तुझंच नाव घेतलं, असं सांगणं अगदी सोपं होतं. पण आता तिच्यापुढे ते जमेना. मी सांगितलं, दोनच ओळी वाचल्या, आणि पुढचं न वाचताच फाडलं.

काकीने माझा हात ओढून घेतला आणि मी तिची नाडी बघायची तशी दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. तिला मोजता येत नव्हतं.

"फाडायचंच असतंय गं ती," ती म्हणाली. "आता च्या टाक. साखर घाल."