सिंदीच्या साडूंचं भेदर

काळजी करण्याच्या बाबतीत आमच्या सिंदीच्या साडूंचा हात धरणारा माणूस वर्धा जिल्ह्यात झाला नाही, आणि झाला असता तर त्या बिचाऱ्याचं कसं होईल या विचाराने साडूंच्या घशाखाली घास उतरला नसता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिंदी रेल्वे स्टेशनवर मालबाबू होते. कापसाच्या गाठी वॅगनमध्ये चढताना ते एकदा मोजत, चढल्यावर पुन्हा मोजत, आणि गाडी नजरेआड झाली की आपण बरोबर मोजल्या होत्या ना, हे हमालांना विचारत. त्यांच्या क्वार्टरपासून प्लॅटफॉर्म चाळीस पावलांवर होता, तरी पाहुण्याला गाडीच्या तासभर आधी बाकावर नेऊन बसवायचे. एक तर गाडी लवकर येईल ही धास्ती, दुसरी म्हणजे चाळीस पावलांत पाहुण्याचा पाय मुरगळेल ही. पाहुणा घरी पोचला की त्याने पोचल्याचं कार्ड टाकायचं, हा त्या घरचा कायदाच होता. लग्नानंतर मी पहिल्यांदा सिंदीहून वर्ध्याला परतलो तेव्हा रीतीप्रमाणे लिहिलं, ‘सुखरूप पोचलो. काळजी नसावी.’ कार्ड मिळालं त्या दिवशी साडू सुटी टाकून पॅसेंजरने आमच्या दारात हजर! घामाने निथळत होते. म्हणाले, “मास्तर, काळजी नसावी असं काऊन लिहिलं? ज्याच्या घरी सारं ठीक आहे, थो माणूस असं लिहीत नाई.” तेव्हापासून मी कार्डावर फक्त ‘पोचलो’ एवढंच लिहीत असे.

अशा माणसाच्या वाट्याला खरीखुरी काळजी आली तर त्याचं काय होणार? ती आली. आमच्या ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, एका पावसाळ्यात मुदतीचा ताप आला. ताप उतरायला तीन आठवडे लागले, पण तो जाताना तोंडाची सगळी चव घेऊन गेला. पेज नको, दूध नको, मुगाचं पाणी नको. ताई भिंतीकडे तोंड करून पडून असत आणि साडू हातात वाटी घेऊन खाटेभोवती घिरट्या घालत. डॉक्टर म्हणाले, आता औषध नाही, अन्न पोटात गेलं पाहिजे. असे कितीतरी दिवस गेले. मग एके दिवशी रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंटमनची बायको पदराखाली दोन भेदरं घेऊन आली. भेदर म्हणजे टमाटर. आमच्याकडे जुनी माणसं भेदरच म्हणतात. चपटं, देठापाशी हिरवं, कडेला चुण्या पडलेलं, आणि कातडं इतकं पातळ की धरतानाच फुटेल. साडूंनी एक चिरलं, डाव्या तळहातावर मीठ घेतलं, आणि फोड मिठाला लावून ताईंच्या ओठांशी नेली. ताईंनी ती खाल्ली. मग दुसरी. एक संपल्यावर त्यांनी दुसऱ्या भेदराकडे नुसतं पाहिलं, आणि साडू तिथेच लहान पोरासारखे रडायला लागले. ताई त्यानंतर उठल्या, बऱ्या झाल्या. आठ दिवसांनी साडू बी मागायला पॉइंटमनकडे गेले, तर उकिरड्यावर आपोआप उगवलेलं ते झाड बकरीने बुडखापर्यंत खाल्लेलं.

झालं! तेव्हापासून साडूंच्या मनाने घेतलं की ताई पुन्हा कधीतरी आजारी पडणार, पुन्हा अन्नाला तोंड फिरवणार, आणि त्या वेळी घरात तेच भेदर नसलं तर सगळं संपलं. त्यांना समजावून पाहिलं, अहो आजारातून उठणाऱ्या माणसाला काहीही गोड लागतं. ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि विचारायचे, “पण नाई लागलं तर?”

मग क्वार्टरच्या मागच्या अंगणात वाफे उठले. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे गार्ड, ड्रायव्हर, पार्सलबाबू, सगळ्यांना साडूंनी कामाला लावलं. कोणी इटारसीहून बी आणलं, कोणी भुसावळहून, कोणी बल्लारशाहून. नागपूरच्या दुकानातून मार्ग्लोब आणि पाँडेरोझा अशा भारदस्त नावांची पाकिटंही आली. साडूंना ती नावं लक्षात राहत नसत, म्हणून झाडांना आणणाऱ्याची नावं पडली. ‘इटारसीचा गार्ड यंदा खंगून राह्यला’ किंवा ‘भुसावळच्या ड्रायव्हरवर मावा पडला’ असं ते माझ्या बायकोला गंभीरपणे सांगत आणि तिला क्षणभर खरंच वाईट वाटे. पाणी जास्त झालं तर चव पाणचट होईल, कमी झालं तर फूल गळेल, म्हणून ते तांब्याने पाणी घालत आणि अर्धा तांब्या झाला की थबकून झाडाच्या तोंडाकडे बघत. फळ हिरवं तोडून घरात पिकवलं तर आंबटगोड बसत नाही, आणि झाडावर पिकू द्यावं तर पाखरं टोचतात. म्हणून पिकत आलेल्या एकेका फळाला जुन्या धोतराची चिंधी बांधलेली असे. लांबून पाहावं तर झाडांना गळवं झाल्यासारखी दिसत. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या वर्षी सगळ्यांनी सभा भरवल्या, भाषणं ऐकली, साडूंनी मला एवढंच विचारलं, “मास्तर, इटारसी आता परक्या राज्यात गेली ना हो? थो गार्ड बी आणू शकन का?”

संक्रांतीच्या सुमाराला फळं भरात येत, आणि मग परीक्षा. तिला आम्ही सगळे टरकून असू. डोळे मिटायचे, डाव्या तळहातावर मीठ घ्यायचं, एकेक फोड खायची, मधेमधे कोमट पाण्याने चूळ भरायची. बिया गिळायच्या नाहीत. जिभेने बाजूला सारून समोरच्या करवंटीत टाकायच्या, कारण जे पसंत पडेल त्याचं नेमकं बी उरलं नाही तर? आमच्या सासूबाईंनी एकदा स्वच्छ सांगितलं, “उष्ट्या बियाचं भेदर मी फोडणीत घालणार नाई.” साडू हादरले. त्यांनी सगळ्या बिया तीनदा राखेत चोळून धुतल्या आणि दिवसभर ज्याला त्याला विचारत हिंडले, “राखेनं उष्टं निघते ना हो?” चव विचारण्याची त्यांची तऱ्हाही अशी की चांगला माणूस घाबरून जाई. “आंबट आधी लागलं का मागून? जिभेच्या शेंड्याले का घशाले? गिळल्यावर अजून एक खावं वाटलं का नाई? नीट आठवून सांगा, घाई नाई.” एकदा पत्र द्यायला आलेल्या पोस्टमनला त्यांनी धरून बसवलं आणि नऊ प्रकार खायला लावले. त्यानंतर महिनाभर तो पत्रं कुंपणावरून आत टाकून पळत असे.

पण आम्ही सगळे नुसते बघे. निकाल ताईंचा. सगळ्यांचं खाऊन झालं की साडू ताईंसमोर बसत आणि मिठाचा तळहात पुढे करत. ताई प्रत्येक फोड सावकाश चावत आणि शेवटी म्हणत, “नाई. थे नाई.” क्षणभर साडूंचा चेहरा पडे. मग ते उठून वहीत काहीतरी लिहीत आणि पुढच्या गार्डाच्या शोधात प्लॅटफॉर्मकडे निघत.

राज्य बदललं त्याच्या पाठोपाठ आलेल्या संक्रांतीला मी एकटाच सिंदीला गेलो होतो. परीक्षेत बल्लारशाचं एक भेदर मला फार आवडलं. मी डोळे उघडून म्हणालो, “दादा, हेच असणार!” साडूंनी लगेच फोड ताईंच्या पुढे केली. ताईंनी खाल्लं, थोडा वेळ वाट बघायला लावली, आणि म्हणाल्या, “जवळ आहे. पण थे नाई.” साडू वही घेऊन बाहेर गेले. जेवायला बसलो तेव्हा पानात भेदराची चटणी होती. ज्वारीच्या भाकरीबरोबर पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. सकाळपासून मी सात प्रकार चाखले होते. या चटणीपुढे ते सातही फिके. साडू पान पुसूनपुसून खात होते. मी विचारलं, हे कोणतं? ते म्हणाले, “थे बाजारचं आहे, मास्तर. बाजारच्या भेदरात काही दम नाई. हिच्या हाताची चव आहे.”

हात धुवायला मी न्हाणीमागे गेलो. सांडपाण्याच्या कडेला तुरीच्या काड्यांचा ढीग होता आणि त्या काड्यांतून एक झाड मान वर काढून उभं होतं. त्याला चपटी, चुण्या पडलेली, देठापाशी हिरवी फळं लागली होती आणि एकालाही चिंधी नव्हती. मी एक तोडून तिथेच खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळला. मागे वळून पाहतो तर ताई खरकट्या ताटांचा ढीग घेऊन उभ्या.

“पाहून घेतलं तुमी, भाऊजी,” त्या म्हणाल्या.

“ताई, हे तेच का?”

“थेच.” त्यांनी ताटं खाली ठेवली. “दुखण्यात मी चूळ न्हाणीतच टाकत होती ना. त्यात बी गेलं असन. दुसऱ्याच वर्षी उगवलं. खाऊन पाह्यलं, तर थेच.”

मला राग आला. खोटं कशाला सांगू? पाच वर्षं तो माणूस तांब्या घेऊन झाडांपुढे उभा राहतो, गाड्यांमागे धावतो, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, ते झाड त्याच्या खाटेपासून वीस पावलांवर. मी म्हणालो, “आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाही?”

“सांगणारच होती. पण त्याच्या आधीचं वर्ष तुमाले माहीत नाई, भाऊजी. सकाळी नाडी, दुपारी नाडी. मी खोकलली का हे ड्युटी सोडून घरी. एक दिवस एक भाकर कमी खाल्ली, तर डॉक्टरले घेऊन आले. मी आधी मूठभर फुटाणे खाल्ले होते, अजून काही नाई! मले हसूही नाई येत होतं, त्यायच्या तोंडाकडे पाहून. जेवता येत नव्हतं त्यायले, मी जेवून राह्यली का नाई हे पाहता पाहता. अर्धे झालते. मग या भेदराचं खूळ लागलं, अन् पहिल्यांदा पोटभर जेवले.” त्यांनी बाजूला झालेल्या काड्या पुन्हा झाडावर सारल्या. “आता भेदरं सरतात, उन्हाळा लागते, का पुन्हा माझी नाडी सुरू. पाऊस पडला, वाफे झाले, का मी सुटली अन् हेही सुटले. काळजी तर त्यायले लागतेच. थे भेदराची करतीन तर बरं आहे. माझी करतीन तर मरून जातीन.”

ताईंनी स्वयंपाकघरातल्या लोणच्याच्या बरणीमागून एक गाठोडी काढून आणून मला दाखवली. दरवर्षी त्या झाडाचं बी त्या राखेत घोळून ठेवत आणि पावसाळ्यात त्यातलं थोडं पुन्हा काड्यांआड टाकत. “मी आजारी पडली तर याचंच आणून देजा मले. त्यायले सांगजा, बाजारचं आहे,” त्या म्हणाल्या आणि ताटं घासायला बसल्या.

संध्याकाळच्या पॅसेंजरसाठी साडूंनी मला नेहमीप्रमाणे तासभर आधी बाकावर नेऊन बसवलं. माझ्या पिशवीत बल्लारशाची चार भेदरं होती, प्रत्येक वेगळ्या चिंधीत. ते सिग्नलकडे पाहत होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मास्तर, तुमी शिकलेले आहा. खरं सांगा. सापडन ना हो थे?”

ओठांवर आलं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी त्यांच्या तळहाताकडे पाहिलं. सकाळचं मीठ अजून रेषांमध्ये होतं. मी म्हणालो, “सापडेल हो, दादा. घाई काय आहे?”

“घाई तर नाई,” ते म्हणाले. “पण तिचं वय होऊन राह्यलं ना.”

गाडी आली. साडूंनी मला डब्यात बसवलं, खिडकीची झडप नीट लागते का ते पाहिलं, आणि गाडी हलल्यावर नेहमीसारखे बरोबर चालत राहिले. प्लॅटफॉर्म संपला तिथे थांबून हात उंच करून ओरडले, “पोचल्याचं कार्ड टाकजा!” वर्ध्यापर्यंतच्या त्या थोड्याशा वाटेत, आयुष्यात पहिल्यांदा, मला काळजीने घेरलं. ताई खरंच आजारी पडल्या तर? त्या वेळी ते झाड नसलं तर? आणि मी वेळेवर पोचलो नाही तर? कुणाला सांगायची सोय नव्हती.

घरी पोचल्याबरोबर, बायकोने पाणी पुढे करायच्या आत, मी कार्ड घेऊन बसलो. मनात भलतंच चाललेलं, हात आपोआप लिहून गेला, ‘सुखरूप पोचलो. काळजी नसावी.’ शाई वाळायच्या आत मी ते शेवटचे दोन शब्द खोडले. चांगले गिरवून खोडले, वाचता येऊ नयेत असे. आणि त्यांच्याखाली लिहिलं, ‘बल्लारशाचं पुन्हा खाऊन पाहिलं. ते नव्हे. पुढच्या वर्षी लवकर पेरावं.’