हिरव्या बटणामागची तार

शनिवार, १४ नोव्हेंबर १९८१. दापोडी, काशिनाथ सोनवणेचं घर. हजर : त्याची पत्नी शेवंतावहिनी, मुलगी, कंपनीतले शिंदे आणि मी. काशिनाथ वारल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला होता. चहा घेताना शिंदे म्हणाले, "हात सोन्याचा, पण तुमच्या लेथला तेवढा चुकला बघा." वहिनींनी मान खाली घातली... आणि मी बशीत चहा ओतत राहिलो.

काशिनाथ चुकला नव्हता. हे लिहायला मला पाच आठवडे लागले.

तो कंपनीत वायरमन, मी प्लॅनिंगमध्ये. सांगवीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जुना लेथ बसवला, तेव्हा त्याच्या कंट्रोलची पेटी काशिनाथने चार रविवार खपून केली. लोखंडी बुरा आतल्या सर्किटवर पडू नये म्हणून दाराच्या कडेने सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबर घातले. मी घाई केली की म्हणायचा, "राव, याद्या तुम्ही करा, तारा मला करू द्या." वीज जाऊन परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय लेथ फिरू नये, अशी जोडणी त्याने मुद्दाम केली होती. "वीज गेली की माणूस हात कुठं घालील, नेम नाही."

त्या वर्षी वीज सारखी जायची. दर वेळी बटण दाबायचा मला कंटाळा आला. एका दुपारी मी पेटी उघडली आणि बटणामागे बोटभर तार जोडून त्याची ती सोय निकामी केली. आठवड्याने वीज गेलेली असताना, मेन स्विच बंद न करता, मी हाताने लेथच्या चकमधला, त्या फिरणाऱ्या पकडीतला, बुरा काढत होतो. वीज आली. उजव्या हाताची तर्जनी गेली.

दवाखान्यात जो तो विचारी, "पेटी कोणी केली?" मी म्हणायचो, "काशिनाथने." एवढंच. त्यात खोटं काय होतं?

तो मला भेटायला आला, तो आधी शेडमध्ये जाऊनच. खिशातून ती तार काढून त्याने माझ्या उशाशी ठेवली. "ही माझी नाही, राव. माझ्या तारेला नंबर असतो." मी भिंतीकडे पाहत राहिलो. त्याने हे कुणालाच सांगितलं नाही. मी सांगेन, असं त्याला वाटलं असावं... पुढे त्याला घरगुती मशीनचं एकही काम मिळालं नाही. कंपनीत पोरं त्याला 'बोटकाप्या' म्हणत. मोशीला स्वतःचा लेथ चालवणाऱ्या तात्यांनी तर काशिनाथने त्यांना बसवून दिलेली तशीच पेटी काढून टाकली आणि साधा स्विच लावला. "बोट जाण्यापरीस हे बरं," म्हणाले.

गेल्या रविवारी दापोडीला जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, मोशीला सांगितलं का? तिथली मशीन वीज आली की आपोआप फिरतीय. ह्यांना शेवटपर्यंत तिचाच घोर होता."

"उद्याच जातो," असं मी म्हणालो. त्याला आज आठ दिवस झाले.